ऐकणाऱ्यांचा सन्मान कसा करावा?

मानपत्र हा लेखनप्रकार आपल्या समीक्षेने फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. त्याची भाषा ठरलेली, विशेषणे ठरलेली, शेवटी दीर्घायुष्याची प्रार्थनाही ठरलेली. शाल आणि श्रीफळ ह्यांच्यासोबत ते चौकटीत बसवून दिले जाते. सभेत ते वाचले जात असताना कोणी ऐकत नाही आणि ज्याला मिळते तोही ते बहुधा पुन्हा वाचत नाही. तरीही एखादा समाज कशाला थोर मानतो, आणि ते थोरपण सांगण्यासाठी त्याच्यापाशी कोणते शब्द आहेत, हे पाहायचे असेल तर मानपत्राइतका बोलका पुरावा दुसरा नाही. प्रस्तुत लेखात आम्ही एका विशिष्ट जातीच्या मानपत्राचा विचार करणार आहोत. ख्रिस्ती पाळक आणि धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना 'उल्लेखनीय सेवे'बद्दल जो गौरव देतात, त्या गौरवाचे हे मानपत्र होय. अमेरिकेतल्या अनेक सेमिनऱ्यांमध्ये ही प्रथा रुळलेली आहे. मंडळीची सेवा, अध्यापन, मिशनकार्य ह्यांच्या जोडीला 'पाळकीय समुपदेशन' हेही गौरवाचे एक क्षेत्र तेथे मानले जाते.

विषय वरवर पाहता परका वाटेल. साहित्याच्या विद्यार्थ्याला सेमिनरीच्या सत्कारसमारंभाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण प्रश्न मुळात भाषेचा आहे. जे काम गुप्त राहिले तरच खरे, त्या कामाची जाहीर प्रशंसा कोणत्या शब्दांत करावी? आमच्या मते आजची मानपत्रे ह्या प्रश्नाला बगल देतात, आणि ती बगल केवळ शैलीचा दोष नाही. तिच्यामुळे माणसांचे नुकसान होते.

आधी 'पाळकीय समुपदेशन' म्हणजे काय ते पाहू. मरणशय्येवरील माणसाजवळ बसणे, मूल गेलेल्या आईबापांचे ऐकणे, दारूत बुडालेल्याशी, संसार मोडलेल्याशी, देवावरचा विश्वास उडालेल्याशी बोलणे, हे पाळकाचे काम धर्माइतकेच जुने आहे. इसवी सन ५९० च्या सुमारास पोप झालेल्या ग्रेगरी ह्यांनी पाळकाच्या कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात त्यांनी भिन्न स्वभावांच्या माणसांच्या जोड्या लावून दाखवल्या आहेत: श्रीमंत आणि गरीब, आनंदी आणि खिन्न, बोलके आणि अबोल. ह्यांपैकी प्रत्येकाशी निराळ्या रीतीने बोलले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाने ह्या ग्रंथाचे जुन्या इंग्रजीत भाषांतर केले, आणि इंग्रजी गद्याच्या आरंभीच्या महत्त्वाच्या ग्रंथांत त्याची गणना होते. म्हणजे एका भाषेच्या गद्याची सुरुवातीची पावले 'दुसऱ्याशी कसे बोलावे' ह्या चिंतेतून पडली, असे म्हणायला हरकत नाही. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने कबुलीसंस्कारात धर्मगुरूच्या कानी पडलेले रहस्य फोडणाऱ्यास कडक शिक्षा सांगितली. ऐकणे आणि ऐकलेले पोटात ठेवणे ह्या दोन गोष्टी अशा जुळ्या आहेत.

ह्या प्राचीन कामाला शिक्षणक्रमाचे रूप मिळाले ते मात्र विसाव्या शतकात, आणि त्याचे मोठे श्रेय ज्याला जाते त्या सेमिनरीच्या पदवीधराचे चरित्र आमच्या प्रश्नाचा गाभा आहे. अँटन बॉइसन हे त्याचे नाव. जन्म १८७६, अमेरिकेतील इंडियाना राज्यात. आधी भाषा, मग वनशास्त्र असे शिक्षण घेऊन ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत गेले आणि १९११ मध्ये तेथून बाहेर पडले. त्यानंतरची वर्षे फारशा यशाची नव्हती. १९२० च्या ऑक्टोबरात त्यांचे मन एकाएकी ढासळले आणि त्यांना मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. सुमारे सव्वा वर्ष ते आत होते. बाहेर आल्यावर त्यांनी जो निष्कर्ष काढला तो धाडसाचा होता. आपण ज्या अवस्थेतून गेलो ती केवळ मेंदूची बिघडलेली यंत्रणा नव्हती. तीत धार्मिक अनुभवाशी नाते सांगणारे काहीतरी होते, आणि ते समजून घ्यायला रुग्णालयात ना डॉक्टरला सवड होती ना पाळकाला समज.

१९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर सरकारी मनोरुग्णालयात ते चॅप्लन, म्हणजे रुग्णालयाचे पाळक, म्हणून रुजू झाले. १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या मूठभर विद्यार्थ्यांना तेथे बोलावले. हे विद्यार्थी दिवसा वॉर्डात मदतनीसाचे काम करीत आणि उरलेल्या वेळात रुग्णांच्या कहाण्यांवर चर्चा करीत. ग्रंथ वाचता तसेच ह्या 'जिवंत मानवी दस्तऐवजां'चेही वाचन करा, असे बॉइसन ह्यांचे सांगणे होते. आज जगभर पाळकीय शिक्षणात जो रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा भाग असतो, त्याचा एक प्रमुख उगम हा.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे कान टवकारावेत. माणूस हा दस्तऐवज आहे आणि तो काळजीपूर्वक वाचला पाहिजे, ही कल्पना बॉइसन ह्यांनी सिद्धान्त म्हणून मिरवली नाही; ती त्यांच्या कामाची रीत होती. वूस्टरच्या त्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत हेलन फ्लँडर्स डनबार होत्या. त्याच सुमारास त्या दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'तील प्रतीकांवर संशोधन करीत होत्या. मध्ययुगीन प्रतीकविचारावरील त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि मन व शरीर ह्यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या वैद्यकशाखेच्या आद्य प्रवर्तकांत गणल्या गेल्या. दान्तेचे प्रतीक वाचणारी नजर आणि रुग्णाचे दुखणे वाचणारी नजर एकाच व्यक्तीत नांदली, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

तथापि ह्या रूपकाची मर्यादाही ओळखली पाहिजे. संहिता वाचकाला उलट उत्तर देत नाही. तिचा चुकीचा अर्थ लावला तर ती रडत नाही, उठून निघून जात नाही, 'हे मी बोललोच नव्हतो' असे म्हणत नाही. माणूस हे सारे करतो. आणि त्याला तसे करण्याची मुभा नसेल तर वाचणारा वाचक राहत नाही, तो मालक बनतो. ह्या धोक्यावर पाळकीय प्रशिक्षणाने स्वतःच एक उपाय शोधला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करणारे रसेल डिक्स हे रुग्णभेटीनंतर झालेला संवाद आठवून शब्दशः लिहून काढीत. डॉ. रिचर्ड कॅबट आणि डिक्स ह्यांनी मिळून रुग्णसेवेवर लिहिलेले पुस्तक १९३६ मध्ये आले आणि ही पद्धत पसरली. आजही प्रशिक्षणार्थी असा 'शब्दशः वृत्तान्त' लिहितो: रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये किती वेळ शांतता होती. मग तो सहाध्यायांसमोर, मार्गदर्शकासमोर वाचला जातो, आणि परीक्षा होते ती लिहिणाऱ्याची. येथे तू घाईने धीर का दिलास? तिने मुलाचे नाव घेतल्याबरोबर तू विषय का बदललास? प्रार्थना तिला हवी होती की तुला सुटका हवी होती?

हा लेखनप्रकार आणि मानपत्र शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोहोंचा विषय एकच: पाळकाने केलेली सेवा. पण वृत्तान्तात पाळक चुकतो, अडखळतो, गप्प बसतो. मानपत्रात तो 'असंख्य दुःखितांचे अश्रू पुसतो'. वृत्तान्तात रुग्ण बोलतो; मानपत्रात रुग्ण संख्येत जमा होतो. वृत्तान्त बंद खोलीत वाचला जातो, त्यातली नावे झाकलेली असतात आणि तो कोणी छापत नाही. मानपत्र चौकटीत जाते. जी संस्था पहिल्या प्रकारचे लेखन शिकवते तीच दुसऱ्या प्रकारचे लिहिते, आणि ह्या दोन भाषांची कधी गाठ पडत नाही. आमची तक्रार नेमकी ही आहे.

मानपत्र लिहिणाऱ्याची अडचण आम्ही जाणतो. चर्च बांधले, शाळा काढली, ग्रंथ लिहिला, तर सांगायला काही हाती लागते. पण ज्याने तीस वर्षे लोकांच्या घरी, रुग्णालयात, तुरुंगात बसून ऐकले, त्याच्याविषयी काय सांगावे? उत्तम प्रसंग सांगता येत नाहीत, कारण ते दुसऱ्याचे आहेत. आणि त्यांतील सर्वांत मोठे यश तर घडून न गेलेल्या गोष्टीत असते: कोणी जीव दिला नाही, कोणी घर सोडले नाही, कोणी हात उगारला नाही. न घडलेल्याचा पुरावा कसा द्यावा? मग लेखक दोनपैकी एक वाट धरतो. एक तर तो पदे, समित्या आणि वर्षे मोजतो, म्हणजे ज्या कामासाठी गौरव आहे ते सोडून त्याच्या आजूबाजूचे सारे सांगतो. नाहीतर तो एखादी हृदयस्पर्शी कथा सांगतो, नाव बदलून. आणि लहानशा मंडळीत नाव बदलल्याने काही झाकले जात नाही हे सर्वांना ठाऊक असते. पहिली वाट पोकळ आहे, दुसरी विश्वासघाताची.

ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, मोजता येईल तेच गौरवले जात असल्यामुळे गौरवाला लायक कोण हेही तसेच ठरते. बॉइसन ह्यांचेच पाहा. १९३० च्या जानेवारीत धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी मंडळ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी बॉइसन ह्यांचे मन पुन्हा ढळले. कॅबट हे त्यांचे मोठे आधार होते. पण मनोविकार हा शरीराचाच विकार असतो अशी त्यांची धारणा असल्यामुळे बॉइसन ह्यांच्या विचारांशी त्यांचे पटेनासे झाले होतेच, आता दुरावा वाढला. १९३५ मध्ये, ज्या स्त्रीवर त्यांचे आयुष्यभर एकतर्फी प्रेम होते ती वारली, आणि बॉइसन तिसऱ्यांदा कोसळले. पुढच्याच वर्षी त्यांचा 'द एक्स्प्लोरेशन ऑफ द इनर वर्ल्ड' हा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याचे 'आउट ऑफ द डेप्थ्स' हे नाव १३० व्या स्तोत्रावरून घेतलेले आहे. त्यात त्यांनी स्वतःलाच एक दस्तऐवज म्हणून वाचकापुढे ठेवले. १९६५ मध्ये ते गेले.

ह्या माणसाचे चरित्र आज एखाद्या निवडसमितीपुढे नाव झाकून ठेवले तर काय होईल, हा प्रश्न आम्हांला छळतो. तीनदा मन ढळले. मंडळीत नाव मिळाले नाही. सहकाऱ्यांशी बेबनाव झाला. 'उल्लेखनीय सेवा' ह्या शब्दांमागे जी निष्कलंक, आटोपशीर कारकीर्द गृहीत धरलेली असते तीत हे बसत नाही. आणि तरी दुःखिताजवळ बसण्याची जी विद्या त्याने सुरू केली तीवर आजचे हे सारे गौरव उभे आहेत.

उलट बाजूही पाहिली पाहिजे, कारण तेथे पणाला लागलेले फार मोठे आहे. झां व्हानिए हे सेमिनरीचे पदवीधर नव्हते, पाळकही नव्हते. ते तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. पण १९६४ मध्ये फ्रान्समधील एका खेड्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसोबत राहण्यासाठी त्यांनी 'लार्श' हा समुदाय सुरू केला आणि आध्यात्मिक सोबतीचा आदर्श म्हणून सारे ख्रिस्ती जग त्यांच्याकडे पाहू लागले. २०१५ मध्ये त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२० च्या फेब्रुवारीत लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीचा अहवाल आला. आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी त्यांच्याकडे आलेल्या सहा प्रौढ स्त्रियांशी त्यांनी आपल्या प्रभावाचा गैरफायदा घेऊन शरीरसंबंध ठेवल्याचे त्यात म्हटले होते. २०२३ च्या विस्तृत अभ्यासाने ही संख्या किमान पंचवीस असल्याचे दाखवले. कित्येक संस्थांनी दिलेले सन्मान परत घेतले.

ह्यावर 'कोणाचे काय सांगावे' असे म्हणून उसासा टाकणे सोपे आहे. पण मानपत्राच्या भाषेची जबाबदारी आम्हांला त्याहून मोठी वाटते. बंद दाराआड होणाऱ्या कामाला आपण 'पवित्र' म्हणतो, करणाऱ्याला 'संतपुरुष' म्हणतो, आणि असे म्हणताच त्या दारावर टकटक करण्याचा हक्क सर्वांकडून काढून घेतो. आत बसलेल्या स्त्रीला आपले खरे कोणी मानील असे वाटेनासे होते, कारण भिंतीवर मानपत्रे टांगलेली असतात. स्तुतीतील प्रत्येक अतिशयोक्त विशेषण असे कोणाच्या तरी तोंडावर हात ठेवते. गुप्तता ही दुःखिताच्या रक्षणासाठी आहे. ऐकणाऱ्याच्या रक्षणासाठी ती वापरली जाऊ लागली की तिचा अर्थच उलटतो.

मराठी वाचकाला ह्या ठिकाणी एक पुस्तक आठवल्यावाचून राहणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. पुढे ते पाळक झाले, कवी म्हणून गाजले, १९१९ मध्ये गेले. त्यांच्यावर गौरवपर पुष्कळ लिहिले गेले असेल. पण टिळक माणूस म्हणून आपल्याला ठाऊक आहेत ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते, सेमिनरीची तर गोष्टच सोडा. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे दूर राहिल्या आणि मग आपल्या पायांनी, आपल्या विचाराने त्याच धर्मात आल्या. १९३४ ते १९३७ ह्या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात टिळकांचा भोळेपणा आहे, लहरीपणा आहे, रागही आहे. घरातले पैसे कोणालाही देऊन टाकणारी दानत आहे आणि त्या दानतीचा घरच्या बाईला होणारा जाच आहे. इतके सारे सांगूनही वाचकाच्या मनात टिळकांविषयी प्रेमच उरते. ते का उरते? त्यांना जवळून पाहिलेल्या, त्यांच्यामुळे सोसलेल्या आणि तरी त्यांना न सोडलेल्या माणसाची ती साक्ष आहे म्हणून. तीत विशेषणे थोडी आहेत आणि प्रसंग पुष्कळ आहेत. सांगणारीला हसू येते तेथे ती हसते. मानपत्राला जे साधत नाही ते ह्या बाईने केले, कारण तिने पाळकाच्या सेवेकडे सेवा घेणाऱ्याच्या आणि तिची किंमत मोजणाऱ्याच्या जागेवरून पाहिले.

मग सन्मान बंदच करावेत काय? तसे आम्ही म्हणत नाही. ज्यांचे काम डोळ्यांआड होते त्यांची आठवण संस्थेने ठेवली नाही तर तरुण विद्यार्थी फक्त व्यासपीठावरच्यांनाच गुरू मानतील. पाळकीय समुपदेशन करणारा माणूस सहसा एकटा असतो; तो सर्वांचे ऐकतो आणि त्याचे ऐकायला बहुधा कोणी नसते. त्याच्या मातृसंस्थेने वर्षातून एकदा त्याला बोलावून 'तुझे काम आम्हांला ठाऊक आहे' असे म्हणावे, ह्यात गैर काही नाही. प्रश्न फक्त ते वाक्य खरे कसे करावे हा आहे.

आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली: मानपत्रात कोणा दुःखिताची कथा नसावी, नाव बदलूनही नसावी. दुसरी: किती जणांना सल्ला दिला ह्याचा आकडा नसावा; ऐकण्याची मोजदाद होऊ लागली की ऐकणे संपते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: गौरवार्थीने स्वतःला कोणापुढे तपासून घेतले हे मानपत्रात सांगितलेले असावे. त्याने आपल्या चुकांचे वृत्तान्त किती वर्षे लिहिले, ते कोणत्या मार्गदर्शकापुढे ठेवले, आपल्या आवाक्याबाहेरचा माणूस योग्य वेळी डॉक्टरकडे पाठवला की नाही, हे सारे कोणाचे गुपित न फोडता सांगता येते, आणि त्याच्या सेवेचा खरा पुरावा तोच आहे. चौथी: निवडीपूर्वी मंडळीतील पदाधिकाऱ्यांनाच विचारून थांबू नये, ज्यांच्यावर त्याची सत्ता चालत होती त्यांना, विशेषतः स्त्रियांना आणि हाताखालच्या माणसांना, निर्धोकपणे बोलता येईल अशी सोय असावी. आणि पाचवी, भाषेपुरती: 'संत', 'देवदूत', 'निष्कलंक' हे शब्द वर्ज्य करावेत. जिवंत माणसाला ते शोभत नाहीत आणि मेलेल्याला त्यांची गरज नसते.

अशी मानपत्रे लहान होतील. कदाचित त्यांत चारच वाक्ये असतील: ह्यांनी अमुक वर्षे अमुक रुग्णालयात काम केले, दर महिन्याला आपले काम दुसऱ्यापुढे ठेवले, स्वतः आजारी पडले तेव्हा ते लपवले नाही, त्यांच्या विद्यार्थ्यांना त्यांच्यापाशी 'मला कळत नाही' असे म्हणण्याची भीती वाटली नाही. सभेत टाळ्या कमी पडतील. पण समोर बसलेल्यांत ज्याने कधीकाळी त्या माणसापाशी आपले मन मोकळे केले असेल, त्याला ती वाक्ये ऐकताना आपले गुपित अजून सुरक्षित आहे असे वाटेल. आणि ज्याचे मन दुखावले गेले असेल, त्याला ते बोलण्याची वाट अजून बंद झालेली नाही हे कळेल. मानपत्राकडून आम्ही एवढीच अपेक्षा करतो.